खुणांचा मेळ

माझा दादा औषधाच्या बाटल्यांची लेबलं सोलायचा. दुकानातून बाटली आली की आधी विहिरीवरच्या हौदात बुडवायची, कागद फुगला की अंगठ्याच्या नखानं सोलायचा, उरलेला चिकटा काथ्यानं घासून काढायचा. पावडर असली तर ती जुन्या बरणीत ओतायची आणि पाकीट चुलीत घालायचं. खोकं चुलीत, खोक्यातलं घडी घातलेलं पत्रकही चुलीत. त्यावर आंघोळीचं पाणी तापायचं. एवढ्या खटाटोपाचं कारण एकच, बांधापलीकडच्या आमच्या चुलतभावाला कळू नये की दादा शेवंतीवर काय मारतो.

हे वेड काही एकट्या दादाचं नाही. वरवंडच्या आमच्या शिवारात फुलं आणि भाजी करणारा जवळपास प्रत्येकजण ते करतो. ट्रॅक्टर मागा, देतील. लग्नाला घर मागा, झाडून सारवून देतील. पण फवारलं काय म्हणून विचारा, की उत्तर ठरलेलं, ‘साधंच हाय.’ झाकली मूठ सव्वा लाखाची. दादाची शेवंती दसऱ्याच्या बाजारात गेली की व्यापारी पाटी उचलून दुसऱ्याला दाखवायचे, आणि बांधापलीकडची शेवंती तशीच पिवळी, तशीच पाणी दिलेली, पण पाकळ्यांच्या दाटीत मागं पडायची. दादाला खात्री होती की सगळं गुपित बाटलीत आहे. चुलतभावालाही तीच खात्री होती. एवढ्या एकाच बाबतीत दोघांचं एकमत होतं.

आता गंमत बघा. चुलीत जाणारी ती पत्रकं बहुतेक माझ्या हातची असायची. मी कारेगावात राहते आणि तिथल्याच एका कंपनीत बसून औषधांच्या पत्रकांचं मराठी करते. किती पाण्यात किती टाकायचं, हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेनं फवारा, विषबाधा झाली तर काय खुणा दिसतात, उतारा कोणता. अक्षर मुंगीएवढं. मी दादाला म्हणायचे, ‘अरे, बहिणीनं लिहिलंय म्हणून तरी एकदा वाच.’ तो म्हणायचा, ‘तू लिवलंय ना, मग बरोबरच असंल.’ असल्या माणसाशी बोलायचं तरी काय? पालथ्या घड्यावर पाणी. मी तोंडाची फटकळ, चार शब्द सुनावायचे, तो हसायचा, आणि वहिनी मधे पडून चहा ठेवायची.

त्या दिवसांत मी एका शब्दाशी झटत होते. डॉक्टरांसाठी आणि दुकानदारांसाठी कंपनी एक पुस्तिका काढत होती, तिच्यात टॉक्सिड्रोम असा शब्द आला. विष कोणतं ते माहीत नसतं, तेव्हाचा हा शब्द आहे. माणूस आणलाय, बाटली सापडत नाही, सांगणारं कुणी नाही. अशा वेळी डॉक्टर अंग बघतो. डोळ्याची बाहुली बारीक की मोठी, कातडी ओली की कोरडी, नाडी मंद की जोरात, तोंडाला लाळ की कोरड. विषांचे काही गट असे असतात की प्रत्येक गट अंगावर आपापल्या खुणांचा संच उमटवतो. त्या संचाला टॉक्सिड्रोम म्हणायचं. यात एकट्या खुणेला किंमत नाही. घाम कुणालाही येतो. पण घाम, लाळ, डोळ्यांना धार, बारीक बाहुली आणि छातीत घरघर हे सगळं एकाच माणसात एकदम भेटलं, की डॉक्टर बाटलीची वाट बघत बसत नाही.

पुण्याच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, ‘विषलक्षणसमूह लिहा.’ मी म्हटलं, ‘साहेब, हा शब्द उच्चारून होईपर्यंत पेशंट जाईल.’ मी ‘खुणांचा मेळ’ लिहून पाठवायचे, ते खोडून परत पाठवायचे. शेवटी मी चिडून समासात लिहिलं की हा मेळ म्हणजे भावकीतल्या नाकासारखा असतो. लग्नात अनोळखी पोरगं दिसलं तरी नाकावरून कळतं हे कुठल्या भावकीतलं. पण ते नेमकं कुणाचं, हे नाकावरून कळत नाही, विचारावं लागतं. साहेबांनी तेही खोडलं. मला मात्र ते बरोबर वाटत होतं, अजूनही वाटतं.

आणि वहिनी. वहिनीबद्दल आधीच सांगायला हवं. ती आमच्या घरात आली तेव्हापासून पाण्याच्या टिपाडात औषध कालवायचं काम तिचं. फवारायचा दादा, पाइप ओढायला एखादा गडी, पण पाणी मोजून घेणं, पावडरीच्या गुठळ्या फोडणं, ढवळणं हे वहिनी करायची. काठी असायची, पण काठीनं गुठळी फुटत नाही म्हणून कोपरापर्यंत हात घालायची. पीठ भिजवावं तसं. मग हात हौदात धुतला की झालं. तिचे डोळे सारखे पाणावलेले असायचे. पदराचं टोक कायम डोळ्याला. घरात सगळे तिला रडूबाई म्हणायचे. शेवंतीच्या दिवसांत तर जास्तच. दादा म्हणायचा, ‘हिला कांदा नको चिरायला, नुस्ता दाखवला तरी पुरं.’ तीही हसायची आणि डोळे पुसायची.

सुट्टी लागून आली म्हणून मी माहेरी गेले होते. दसरा तोंडावर आलेला, शेवंती कळीत, आणि कळीवर माव्याची कीड. सकाळी मी विहिरीवर गेले तेव्हा वहिनी टिपाडात हात घालून उभी होती. मी पिशवीतून नेलेले रबरी हातमोजे तिच्यापुढं धरले. ‘वहिनी, आधी हे घाला.’

‘वन्सं, त्यात बोटं वळत न्हाईत,’ ती म्हणाली. ‘गुठळी कळत न्हाई हाताला.’

‘गुठळी कळली नाही तरी चालेल.’

‘यांना चालत न्हाई. नोझल तुंबतं.’

दादा पंपाला पेट्रोल घालत होता. मी त्याला विचारलं, ‘काय आहे हे?’ बरणीला नाव नव्हतं, पावडर पांढरी, वास उग्र. दादानं आधी बांधाकडं बघितलं. तिथं चुलतभाऊ लांब वाफ्यात वाकलेला होता, इकडं त्याचं लक्षही नव्हतं. तरी दादा मला म्हणाला, ‘साधंच हाय.’ मला. सख्ख्या बहिणीला. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, ‘मर मग.’ असं आपण घरात शंभरदा म्हणतो. त्या दिवशी मात्र हा शब्द तोंडातून गेल्यावर मला तो दिवसभर गिळता आला नाही.

ऊन चढत गेलं. वारा पडला, मग उलटा फिरला. दादा नाष्टा न करताच रानात शिरला होता, अंगात जुना शर्ट, तोंडाला काही नाही. एका सरीचा फवारा संपवून तो दुसरीत वळला आणि खाली बसला. मला वाटलं नळी गुंतली असेल. मग पाइप ओढणारा गडी ओरडला.

आम्ही पोचलो तेव्हा दादा कुशीवर होता, ओकत होता. शर्ट घामानं आणि औषधानं भिजून अंगाला चिकटलेला. तोंडातून लाळेची तार, डोळ्यांतून धार, श्वासाला घरघर, आणि दंडाचं मांस कातडीखाली उगाच लवत होतं. मी त्याची पापणी वर केली. बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी. जे शब्द मी महिनाभर खोडत आणि लिहीत होते ते सगळे माझ्यापुढं चिखलात पडले होते. मला कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता, माझ्याकडं उतारा नव्हता.

चुलतभाऊ बांधावरून उडी मारून आला. दोघांमधली चढाओढ तो विसरला होता. त्यानं दादाला खांद्यावर टाकलं, आपल्या पिकअपमधे घातलं आणि दौंडच्या रस्त्याला लागला. मागं वहिनीच्या मांडीवर दादाचं डोकं, त्याचा भिजलेला शर्ट तिच्या पोटाशी. मी म्हटलं, ‘वहिनी, शर्ट काढा त्याचा.’ आम्ही दोघींनी ओढून काढला. तिनं तो फेकला नाही, गुंडाळून मांडीशी धरला. काटकसरीचा संसार, कपडा कोण फेकतं?

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते पण गडबडले नाहीत. त्यांनी नाडी धरली, बाहुल्या बघितल्या, छातीला नळी लावली आणि सिस्टरला म्हणाले, ‘टॉक्सिड्रोम क्लिअर आहे. अॅट्रोपीन सुरू करा. कपडे काढा, साबणानं धुवा याला.’ जो शब्द साहेबांनी टेबलाशी बसून छळला होता तो या माणसानं पाणी मागावं तसा वापरला. बाटलीवाचून दादाला सुई लागली. मला तेव्हा रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

मग डॉक्टर आमच्याकडं वळले. ‘औषधाचं नाव काय?’

वहिनी म्हणाली, ‘पांढरी पावडर हाय.’

‘ताई, नाव. या खुणा दोन गटांत सारख्याच दिसतात. एका गटाला मी दुसरं इंजेक्शन देणार आहे, दुसऱ्या गटाला ते देत बसायचं नाही. आणि किती दिवस लक्ष ठेवायचं तेही नावावरच आहे. पाकीट कुठंय?’

पाकीट चुलीत होतं. आंघोळीला तापलेलं पाणी मीच अंगावर घेतलं होतं.

दादा अजून शुद्धीत होता, अर्धवट. डॉक्टरांनी त्याच्या कानाशी वाकून विचारलं, ‘काय मारत होता? नाव सांगा.’ दादानं डोळे किलकिले करून बघितलं. खाटेच्या पायथ्याशी चुलतभाऊ उभा होता, दादाच्या ओकारीनं त्याचा सदरा भरलेला. दादानं तोंड मिटलं. मग घरघरत्या आवाजात म्हणाला, ‘साधंच हाय.’

मी कानांनी ऐकलं म्हणून लिहिते आहे, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. माणूस मरायला टेकलाय आणि त्याला बांधापलीकडच्या शेवंतीची पडली आहे. मला त्याचा इतका राग आला की मी त्याचा हात धरून हलवला, सिस्टरनं मला बाजूला केलं. वहिनी हात जोडून म्हणत होती, ‘अहो, सांगा की. कुणी न्हाई ऐकत.’ ऐकणारा तर समोरच उभा होता.

चुलतभाऊ खाली मान घालून उभा होता. मग पुढं आला आणि डॉक्टरांना म्हणाला, ‘मला माहीत हाय.’

त्यानं नाव सांगितलं. अख्खं, कंपनीसकट, आकड्यासकट. डॉक्टरांनी लगेच सिस्टरला काहीतरी सांगितलं आणि ते दोघं कामाला लागले. आम्ही दोघी त्याच्याकडं बघतच राहिलो. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘दुकानदाराला चहा पाजून पाजून काढलं. मी बी तेच मारतोय, गेल्या हंगामापासनं.’ मग म्हणाला, ‘तरी माझी फुलं तशी येत न्हाईत.’

माझ्या मनात आलं, एवढ्या वर्षांच्या सोललेल्या लेबलांचं हे फळ. पण त्याच्या चोरीनं माझा भाऊ वाचत होता.

दादा एकदम सुधारला नाही. पुढचे दिवस फार वाईट गेले. घाम थांबला, लाळ थांबली, छाती मोकळी झाली, पण तोंड लाल झालं, जीभ सुकली आणि तो बडबडू लागला. डॉक्टर म्हणाले, हा अॅट्रोपीनचा परिणाम आहे, म्हणजे उतारा लागू पडतोय, मात्रा कमी करू. मला सगळं समजत होतं. तरी त्याचा हात बघवत नव्हता. अंगठ्याच्या नखानं तो चादरीवर काहीतरी सोलत असायचा. चादर ओढून घेतली की हातावरची सलाइनची पट्टी सोलायचा. पट्टी निघाली की रक्त यायचं, सिस्टर रागवायची, परत चिकटवायची, हा परत सोलायचा. वहिनी त्याचा अंगठा आपल्या मुठीत धरून बसायची, तासन्‌तास. मला तिथं बसवेना, मी जिन्यात जाऊन उभी राहायचे.

मग एका सकाळी त्यानं मला ओळखलं आणि म्हणाला, ‘तू म्हणलीस मर, मी म्हणलं बघू.’ मी त्याच्या पाठीत हळूच एक धपाटा घातला. त्याला साध्या वॉर्डात हलवलं. पाय अजून कापत होते, पण पेज पोटात ठरत होती. चुलतभावाशी मात्र तो बोलायला तयार नव्हता. ‘चोर हाय त्यो,’ एवढंच म्हणायचा. जीव वाचवल्याचं दादाच्या हिशेबात कुठंच नव्हतं.

तिकडं रानात कळी फुटत होती. फूल कुणाच्या दुखण्यासाठी थांबत नाही. चुलतभाऊच म्हणाला, ‘वैनी, मी मारतो औषध, तुम्ही फकस्त कालवून द्या.’ औषध तेच. मी डोक्याला हात लावला. पण घरात, गावात सगळ्यांचं ठरलं होतं की दोष औषधाचा नाही, दादा उपाशीपोटी गेला, उन्हाचा गेला, वारा उलटा होता. चुलतभावानं यावेळी तोंडाला रुमाल बांधला, पोटभर खाऊन गेला, सकाळच्या गारव्यात उरकलं. मी वहिनीला फोनवर बजावलं, हातमोजे घाला. ‘व्हय, व्हय,’ ती म्हणाली. तिचं ‘व्हय’ मला पाठ आहे.

त्याच दुपारी ती डबा घेऊन दवाखान्यात आली. मागं चुलतभाऊ, तो आत न येता दारातच उभा राहिला. वहिनीनं डबा उघडला, बाजरीची भाकरी कुस्करून दादापुढं ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. परत पुसले.

दादा म्हणाला, ‘रडूबाई, मेलो न्हाई मी आजून.’

‘मी कुठं रडतीया,’ ती म्हणाली. ‘आपसूक येतंय पाणी.’

ती खोकली. पदर तोंडाशी धरून थुंकी टिपली. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पाठीवरचं पोलकं काळं पडलेलं. मी म्हटलं, ‘वहिनी, जेवलात का?’ ती म्हणाली, ‘पोटात मळमळतंय सकाळपासनं. ह्यांच्या काळजीनं असंल.’ मी तिच्या हाताकडं बघितलं. हातमोज्यांचा वळ कुठंच नव्हता.

मी तिला उठवलं आणि जिन्याखालच्या बोळात नेलं. तिथं दिवसाही अंधार असतो. अंधारात माणसाची बाहुली मोठी होते, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी मोबाईलचा जेमतेम उजेड बाजूनं धरून तिच्या डोळ्यांत बघितलं. बाहुली मोहरीएवढी.

किती वर्षं? डोळ्यांचं पाणी म्हणजे तिचा हळवा स्वभाव. घाम म्हणजे चुलीची धग. खोकला म्हणजे रानातली धूळ. मळमळ म्हणजे पित्त, डोकेदुखी म्हणजे बायकांचं असतंच काहीतरी. प्रत्येक खुणेला आमच्या घरानं एक एक वेगळं नाव देऊन ठेवलं होतं, त्यामुळं त्या कधी एकत्र आल्याच नाहीत. सगळं शिवार सांगत होतं फवारणाऱ्याला विष लागतं. कालवणाऱ्याकडं कोण बघतं?

‘काय झालं वन्सं?’ ती घाबरून म्हणाली. ‘ह्यांचं काय सांगितलं का डॉक्टरांनी?’

‘त्याचं नाही. चला.’

डॉक्टर वॉर्डातच होते. त्यांनी तिला दादाच्या शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसवलं, डोळे बघितले, छाती ऐकली, नाडी धरली. हात पुढं करायला लावला, बोटं कापत होती. सिस्टरला म्हणाले, ‘हात धुवून घ्या आधी, कोपरापर्यंत. साडी बदला. रक्त काढा.’ वहिनी ओशाळून म्हणाली, ‘डॉक्टर, मी तर कवा फवारलं न्हाई हो. मी नुस्तं कालवती.’

‘हातानं?’

‘व्हय.’

‘किती वर्षं?’

‘लगीन झाल्यापासनं.’

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. मग म्हणाले, ‘आजचं औषध कळलं. आधीची कुठली कुठली होती? रक्ताचा रिपोर्ट काय सांगेल ते सांगेल, पण नावं कळली तर बरं. काही औषधं मागाहून पायाला, नसांना त्रास देतात.’

वहिनी आठवू लागली. मन लावून आठवत होती, शाळेत उभं केल्यासारखी. ‘एक निळ्या बुचाची होती,’ ती म्हणाली. ‘एक लाल बुचाची. एकीला लई वास, ती कालवली की रातभर डोकं धरायचं. एक दुधासारखी पांढरी व्हायची पाण्यात.’ पुढं तिला काही येईना. नाव एकाचंही नाही. वहिनी शिकलेली आहे, पेपर वाचते, दुकानाच्या पाट्या वाचते. वाचायला तिच्यापर्यंत काही आलंच नव्हतं.

मी दादाकडं बघितलं. तो वहिनीच्या हाताकडं बघत होता. सिस्टर तो हात साबणानं घासत होती, आणि हात कोपरापर्यंत वेगळ्या रंगाचा होता, चिरा पडलेला. तो हात आम्ही सगळ्यांनी रोज बघितला होता, भाकरी थापताना, ताट वाढताना.

चुलतभावाला समजलं, आता दादाला सगळी नावं सांगावी लागणार. तो दारातून म्हणाला, ‘मी भाईर थांबतो,’ आणि वळला.

‘थांब,’ दादा म्हणाला. आजारानंतर त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द. ‘थांब तिथंच. मी इसरलो तर तू सांग.’

दादा उशीला टेकून बसला आणि नावं सांगू लागला. आधी या वर्षीची, मग गेल्या वर्षीची, मग शेवंतीच्या आधी ढोबळी मिरची होती तेव्हाची, त्याआधी टोमॅटो होते तेव्हाची. माव्याचं, अळीचं, कोळ्याचं, करप्याचं. कशात काय मिसळायचं तेही. जे त्यानं मरताना तोंडातून काढलं नाही ते सगळं भर वॉर्डात मोठ्यानं, शेजारच्या खाटांना ऐकू जाईल असं. डॉक्टर लिहून घेत होते. अडला की चुलतभाऊ दारातून हळूच एखादं नाव सांगायचा, आणि दादा मान हलवायचा, ‘व्हय, ते बी.’ त्यातल्या कितीतरी औषधांची पत्रकं मी केलेली होती. प्रत्येक नावाला मला माझंच मराठी आठवत होतं, हातमोजे वापरा, त्वचेला लागू देऊ नका.

नावं संपत नव्हती. वहिनी ओले हात मांडीवर धरून ऐकत होती, एकदा दादाकडं बघायची, एकदा दाराकडं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

‘एवढी व्हय?’ ती म्हणाली.